बिलाच्या कॉम्प्युटरवर ओव्हरक्लॉकिंग नको



नोव्हेंबरच्या शेवटी आमच्या गिरीजमधलाच एक मुलगा घरी आला. लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो, घरातल्या पुढच्या खोलीत टेबल टाकून. वसईत नाताळ झाला की ख्रिस्ती लग्नं सुरू होतात, उपवासकाळ लागला की थांबतात, ईस्टरनंतर पुन्हा सुरू. मधेमधे हिंदू लग्नांचे मुहूर्त असतातच. म्हणजे डिसेंबरच्या शेवटापासून मे संपेपर्यंत त्याला मान वर करायला सवड नसते. त्याच्या हातात नव्या कॉम्प्युटरचं कोटेशन होतं. अठ्ठावन्न हजार.

"सर, माझा जुना आय-फाईव्ह आहे ना, तो ओव्हरक्लॉक होतो म्हणे. साडेचारपर्यंत जातो. मग हे अठ्ठावन्न हजार वाचतील ना?"

मी विचारलं, "अरे, पण तुझं बिलिंग कुठल्या मशीनवर आहे?"

"त्याच्यावरच सर. सगळं त्याच्यावरच. बँकसुद्धा."

आता माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पुढचं वाचायला वेळ नाही त्यांना तेवढं तरी मिळेल. जुन्या प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग जरूर करा, त्यात घाबरण्यासारखं फार काही नाही. पण ज्या मशीनवर धंद्याचा हिशोब, बिलं आणि बँक आहे, त्याच्यावर करू नका. आणि करण्याआधी एक गोष्ट मोजा: वेग वाढल्यावर वेळ नक्की कोणाचा वाचणार आहे, तुमचा की मशीनचा?

"फुकटचा वेग" असं म्हणून ही गोष्ट विकली जाते. मला राग त्या "फुकट" शब्दाचा आहे. धंद्यात फुकट काही मिळालं की आधी बिल कुठून येतंय ते बघायची सवय लावून घ्या.

ज्यांना हा प्रकार माहीतच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रोसेसर एका ठोक्यावर चालतो. एका सेकंदात किती ठोके, ते गिगाहर्ट्झमध्ये मोजतात. हा आकडा दोन आकड्यांच्या गुणाकारातून येतो: बोर्डाचा मूळ ठोका आणि प्रोसेसरचा गुणक. २०११ साली आलेल्या आय-फाईव्ह २५००के या प्रोसेसरमध्ये मूळ ठोका १०० मेगाहर्ट्झ आणि गुणक ३३, म्हणून ३.३ गिगाहर्ट्झ. गुणक वाढवून ४० केला की ४.० झाला. झालं ओव्हरक्लॉकिंग. बायोसमध्ये एक आकडा बदलायचा, बस.

कंपनीने मग आधीच ४० का नाही ठेवला? कारण कारखान्यातून निघालेले सगळे चिप सारखे नसतात. कंपनीला असा आकडा छापावा लागतो की जो त्या वर्गातल्या सगळ्यात कमजोर चिपलाही, उन्हाळ्यात, धूळ भरलेल्या डब्यात झेपेल. तुमचा चिप बरा निघाला तर त्याच्या अंगात थोडी ताकद शिल्लक असते. वाडीतल्या विहिरीवर जुनं डिझेल इंजिन असायचं, त्याचा गव्हर्नर आवळून काही लोक पाणी जास्त काढायचे, तसंच हे. पाणी जास्त यायचं हे खरं. इंजिन तापायचं हेही खरं.

या नादाची सगळ्यात गाजलेली गोष्ट १९९८ची आहे. इंटेलचा सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्तातला प्रोसेसर होता, ३०० मेगाहर्ट्झचा. त्याचा गुणक साडेचारला बांधलेला. लोकांनी बोर्डाचा ठोका ६६ वरून १०० केला आणि तो सरळ ४५० मेगाहर्ट्झवर चालायला लागला. म्हणजे दीडपट. त्या वेळी ४५० मेगाहर्ट्झचा पेंटियम टू कित्येक पट महाग होता. तेव्हा या उद्योगाला खरंच पैशांत मोजता येईल असा अर्थ होता. आज "ओव्हरक्लॉक करून पैसे वाचवा" म्हणणारे बरेच जण अजून त्या १९९८च्या हिशोबावरच बोलतात. आताचे नवे प्रोसेसर गरज पडली की स्वतःच वेग वाढवतात, म्हणजे ती शिल्लक ताकद कंपनीनेच आधी वापरून टाकलेली असते. मधल्या काळातले, साधारण २००७ ते २०१४ चे प्रोसेसर आहेत, त्यांच्यात अजून थोडा रस आहे. आपण त्यांच्याबद्दलच बोलतोय.

माझी पहिली वेळ अशाच एका प्रोसेसरवर झाली. कोअर टू क्वाड क्यू६६००. २.४ गिगाहर्ट्झचा, गुणक ९, ठोका २६६. ठोका ३३३ केला की थेट ३.०. त्या काळात हा आकडा कॉम्प्युटरवाल्या पोरांना तोंडपाठ होता. मीही २००९च्या दिवाळीत केला. सिनेमे चालले, फोटोशॉप चाललं, दोन महिने काही झालं नाही. मी खूश. क्लासमध्ये चार लोकांना सांगूनही झालं.

त्याच मशीनवर माझ्या क्लासचा सगळा हिशोब होता. मे २०१०मध्ये एक दिवस हिशोबाच्या सॉफ्टवेअरने डेटा उघडायला नकार दिला. मी निवांत होतो, कारण रोज रात्री झिप करून बॅकअप घ्यायचो. झिप उघडली तर तीही खराब. आदल्या दिवशीचीही खराब. मागे मागे जात तीन आठवड्यांपूर्वीची एक धड निघाली. मग मी आणि बायको चार रात्री बसलो, पावतीपुस्तकातून एकेक नोंद पुन्हा मारत. ती काही बोलली नाही. ते जास्त जड गेलं.

झालं काय होतं? थंडीत जो वेग झेपत होता तो मे महिन्यात, पत्र्याखालच्या खोलीत झेपेना. पण मशीन बंद पडलं नाही. निळा स्क्रीन आला असता तर मी सावध झालो असतो. प्रोसेसर आणि मेमरी मधूनच एखादा बिट चुकवत राहिली, आणि ती चूक गुपचूप फाईलमध्ये लिहिली गेली. बॅकअपची झिपही त्याच चुकणाऱ्या मशीनने केलेली, मग ती तरी शुद्ध कशी असणार? आपल्या साध्या डेस्कटॉपमध्ये अशी चूक पकडणारी मेमरी नसते, ती सर्व्हरमध्ये असते.

म्हणून मी सांगतो की अर्धवट स्थिर मशीन हे बंद पडलेल्या मशीनपेक्षा वाईट. गेममध्ये एक बिट चुकला तर पडद्यावर एक ठिपका चुकीचा दिसेल. तुमच्या लेजरमध्ये चुकला तर वीस तारखेला कळेल, जीएसटीआर-३बी भरायच्या दिवशी. उशीर झाला की दिवसाला पन्नास रुपये लेट फी, शून्य रिटर्न असेल तर वीस. व्याज असेल तर ते वेगळं. पन्नास रुपयांनी कोणी बुडत नाही हो. पण ज्याचं इनपुट क्रेडिट तुमच्या रिटर्नवर अडलंय तो व्यापारी पुढच्या वेळी माल दुसऱ्याकडून घेतो.

आता त्या मुलाकडे येऊ. मी त्याला म्हटलं, चल, तुझं मशीन बघू. गिरीज तलावाच्या पलीकडे त्याचं घर आहे. तिथे बसून आम्ही पहिल्यांदा काय केलं, तर काहीच केलं नाही. टास्क मॅनेजर उघडून ठेवला आणि त्याला नेहमीसारखं काम करायला सांगितलं.

प्रोजेक्ट उघडायला दीड मिनिट. त्या दीड मिनिटात प्रोसेसर पंधरा-वीस टक्क्यांवर, आणि हार्ड डिस्क शंभरवर. टाइमलाइनवर पुढे-मागे करताना व्हिडिओ अडकतो, तेव्हाही तेच. सगळं फुटेज एकाच जुन्या फिरत्या डिस्कवर. मेमरी आठ जीबी, त्यातली साडेसात भरलेली. म्हणजे दिवसभर ज्या अडकण्याने तो वैतागतो, त्याचा प्रोसेसरशी फार संबंध नव्हता. तिथे प्रोसेसर ४.५ काय, ६ वर नेला असता तरी तो डिस्कची वाट बघत रिकामाच बसला असता.

मग एक्स्पोर्ट लावला. आता मात्र चारही कोअर शंभर टक्के. इथे ओव्हरक्लॉकिंगचा खरा उपयोग आहे, मान्य. त्याच्या मोठ्या लग्नाचं फायनल एक्स्पोर्ट पाच तास घेतं. चारही कोअर कामाला लागले की हा प्रोसेसर ३.४ वर चालतो. तो ४.२ वर नेला तर हिशोबाने पाच तासांचे चार तास तीन मिनिटं होतात. जवळजवळ एक तास वाचला!

"बघा सर, एक तास!"

"एक्स्पोर्ट कधी लावतोस?"

"रात्री. झोपताना."

आता तुम्हीच सांगा. अकरा वाजता लावलेलं काम चार वाजता संपायचं ते तीन वाजता संपेल. हा सकाळी सातला उठणार. तो वाचलेला तास कोणाच्या कामाचा?

आपल्या छोट्या धंद्यात हे मी सारखं बघतो. प्रिंटिंगवाला जास्त वेगाचा प्रिंटर घेतो आणि त्याचा वेळ जात असतो गिऱ्हाइकाच्या व्हॉट्सॲपवरच्या "अजून एक करेक्शन" मध्ये. बेकरीवाला मोठी भट्टी घेतो आणि अडतं पॅकिंगला. मशीनचा वेग मोजायला सोपा असतो, आकडा छापलेला असतो, म्हणून आपण तोच मोजतो.

पण मी त्याला एकदम उडवून लावलं नाही, आणि तुम्हीही कोणाला लावू नका. कारण जानेवारीत त्याच्याकडे एका रात्रीत दोन एक्स्पोर्ट लावायची वेळ येते. पाच आणि पाच दहा तास, म्हणजे सकाळी नऊ. गिऱ्हाईक आठला पेन ड्राईव्ह न्यायला दारात. तिथे तो तास खरा आहे. वर्षातून पंधरा-वीस रात्री असतील. तेवढ्यासाठी अठ्ठावन्न हजार टाकायचे की नाही, हा प्रश्न रास्त आहे.

तर आम्ही ठरवलं की करायचं. पण क्रमाने.

पहिली गोष्ट, बिलिंग आणि बँक त्या मशीनवरून हलवली. त्याच्या बहिणीचा लॅपटॉप आहे, नवा, विंडोज ११चा. सगळं तिकडे. तसंही १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपलाय, आणि विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. २०११चा प्रोसेसर त्या यादीत बसत नाही. ओव्हरक्लॉकिंग राहू द्या बाजूला, अशा मशीनवर नेटबँकिंग ठेवणंच आता मला पटत नाही. एडिटिंगसाठी ते मशीन अजून उत्तम आहे. बँकेसाठी नाही.

दुसरी, एसएसडी आणि मेमरी. यासाठी तो लॅमिंग्टन रोडला गेला. (त्याने विरार फास्ट पकडली आणि मुंबई सेंट्रलला उतरून चालत गेला. फास्ट गाडी ग्रँट रोडला थांबत नाही, हे पहिल्यांदा जाणारे विसरतात.) एक एसएसडी सिस्टीमला, एक चालू प्रोजेक्टच्या फुटेजला, आणि मेमरी सोळा. प्रोजेक्ट उघडायची दीड मिनिटं पंधरा सेकंदांवर आली. अजून प्रोसेसरला हात लावलेला नव्हता. त्याचा चेहरा बघून मी म्हटलं, आता इथेच थांबलास तरी चालेल. तो थांबणार नव्हता, आणि खरं सांगायचं तर माझीही इच्छा होतीच.

तिसरी, सफाई. हे वसईकरांनी जरा लक्ष देऊन वाचा. आपली हवा दमट, समुद्र जवळ. इथे धूळ सुटी राहत नाही, ओल धरून कूलरच्या पात्यांत वाकळीसारखी बसते. त्याच्या कूलरमधून निघालेला थर मी बोटाने सोलून काढला. थर्मल पेस्ट सुकून खडू झालेली. ब्लोअर, जुना ब्रश आणि नवी पेस्ट, एवढ्यावर पूर्ण लोडचं तापमान ८४ वरून ७० वर आलं. कंपनीच्या साध्या कूलरचे चार प्लॅस्टिकचे खुंट असतात, जुने झाले की काढताना तुटतात, तेव्हा जपून. ओव्हरक्लॉक करायचं असेल तर तो साधा कूलर पुरत नाही, एक बरा टॉवर कूलर घ्या. हा खर्च "फुकट" मध्ये कोणी धरत नाही.

मग तुमचं मशीन यात बसतं का ते बघा, कारण बहुतेकांचं बसतच नाही. इंटेलच्या त्या पिढ्यांत नावाच्या शेवटी "के" असेल तरच गुणक मोकळा असतो, आणि बोर्डही पी६७, झेड६८, झेड७७ असा लागतो. दुकानांत सर्रास दिसणारा आय-फाईव्ह २४०० आणि एच६१ बोर्ड, यांच्यावर हा खेळ होत नाही. मूळ ठोका वाढवायचा म्हणाल तर सँडी ब्रिजपासून त्याच्याशी बाकीचं सगळं बांधलेलं आहे, चार-पाच टक्क्यांच्या पुढे गेलात की डिस्कपासून कार्डापर्यंत सगळं बिथरतं. एएमडीच्या एफएक्स मालिकेत, म्हणजे एफएक्स ६३००, ८३५० वगैरेंत, गुणक मोकळा असतो. ऑफिसातून निघालेले ब्रँडेड डेस्कटॉप सेकंडहँड घेतले असतील तर त्यांच्या बायोसमध्ये बहुधा हा पर्यायच नसतो. सीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात प्रोसेसर आणि बोर्ड दोन्हींची नावं दिसतात. दोन मिनिटांचं काम.

यासाठी कोणी जुना पी६७ बोर्ड आणून देत असेल तर त्याच्यावर "बी३" लिहिलंय का बघून घ्या. ३१ जानेवारी २०११ला इंटेलने स्वतः जाहीर केलं होतं की या चिपसेटच्या पहिल्या मालात डिस्कचे काही पोर्ट काळानुसार खराब होतात. माल परत घेतला आणि दुरुस्त केलेला बी३ आणला. पंधरा वर्षांपूर्वीची भानगड, पण सेकंडहँड बाजारात जुनी भानगड मरत नाही.

आता प्रत्यक्ष. बायोसमध्ये शिरण्याआधी आम्ही फुटेजची डिस्क केबल काढून वेगळी ठेवली. चाचणी चालू असताना मशीनला लिहिण्यासारखं मोलाचं काही हाताशीच नको. बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो. एक वही. वहीत आधी मूळ वेगावरचा आकडा: एक ठरलेली पाच मिनिटांची क्लिप, तीनदा एक्स्पोर्ट, तीन वेळा, आणि त्या वेळचं तापमान.

गुणक एकदम ४५ करू नका. व्हिडिओत बघून लोक तेच करतात. ज्याने तो व्हिडिओ केला त्याचा चिप वेगळा, कूलर वेगळा, त्याच्या खोलीत एसी. आम्ही दोन-दोनने वाढवला. आणि व्होल्टेजला पहिल्या वेळी हात लावायचाच नाही, हे माझं ठाम मत. पण "ऑटो"वरही सोडायचं नाही, कारण ऑटोवर बरेच बोर्ड आपल्या मनाने व्होल्टेज चढवतात आणि तुम्हाला कळत नाही. मूळचा आकडा बघून तोच हाताने टाका.

व्होल्टेजबद्दल इतका आग्रह का? उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ३.४ चा ४.२ केला तर वेग २४ टक्क्यांनी वाढला. त्यासाठी व्होल्टेज १.२० वरून १.३० केलं तर नुसत्या व्होल्टेजमुळे १७ टक्के वाढ, दोन्ही मिळून उष्णता ४५ टक्क्यांनी वर. चोवीस टक्के घ्यायला पंचेचाळीस टक्के दिले. कुठल्या धंद्यात हा सौदा कराल? विजेच्या बिलात फार फरक पडत नाही म्हणा. पूर्ण लोडला चाळीस-पंचेचाळीस वॅट जास्त, रोज पाच तास, महिन्यात पंचवीस दिवस, म्हणजे पाच-साडेपाच युनिट. बिल तिथून येत नाही. बिल येतं बोर्डावरच्या कपॅसिटरकडून, एसएमपीएसकडून आणि यूपीएसकडून. दुकानातला ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट, आणि तोही बॅटरी नवी असताना. ग्राफिक्स कार्ड, मॉनिटर आणि वर हा वाढीव भार. मग लाईट गेली की यूपीएस मशीन सांभाळायच्या ऐवजी त्याच्याबरोबरच बंद पडतो. एसएमपीएसवर ४५० लिहिलंय म्हणून तो ४५० देतोच असं समजू नका. उचलून बघा. फारच हलका लागला तर ओव्हरक्लॉकिंगचा विचार सोडा.

प्रत्येक पायरीवर प्राइम९५ अर्धा तास. हे मुळात मोठमोठ्या मूळ संख्या शोधायला केलेलं सॉफ्टवेअर आहे, १९९६ पासूनचं. त्यात उत्तर बरोबर आलं का हे ते स्वतः तपासतं, म्हणून चुकणारा प्रोसेसर लगेच सापडतो. माझ्याकडे २००९मध्ये ही अक्कल नव्हती, मी सिनेमा बघून "चालतंय" म्हटलं होतं. मेमरीसाठी मेमटेस्ट८६, रात्रभर. तापमान ८० च्या वर गेलं की मी थांबतो. प्रोसेसर स्वतः शंभरच्या थोडं अलीकडे वेग कमी करतो, पण डिसेंबरमधल्या ८० चे मेमध्ये किती होतील याचाही विचार करायला हवा.

४.२ वर वीस मिनिटांत प्राइम९५ने चूक दाखवली. त्याचा चेहरा पडला. "थोडं व्होल्टेज देऊया ना सर, फक्त पॉइंट झिरो फाईव्ह." हाच तो क्षण असतो बघा. मी नाही म्हटलं. ४.१ अर्धा तास चाललं. आम्ही तिथून अजून एक पायरी खाली आलो, ४.० वर, आणि ते रात्रभर चालवलं. सकाळी चूक शून्य, तापमान ७३ (टॉवर कूलरमुळे). जिथे काठावर चालतं तिथे राहायचं नाही, एक पायरी अलीकडे राहायचं.

मधे एकदा मशीन सुरूच होईना. घाबरू नका, हे होतं. मेन स्विच बंद, वायर काढा, बोर्डावरचा नाण्यासारखा सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा, परत लावा. बायोस मूळ पदावर येतो. मोबाईलवरचे फोटो इथे कामाला येतात.

पाच तासांचं एक्स्पोर्ट आता चार तास वीस मिनिटांवर आलंय. चाळीस मिनिटं. दोन एक्स्पोर्टच्या रात्री ऐंशी. नऊऐवजी पावणेआठला संपेल, गिऱ्हाईक आठला येईल. बसतंय, जेमतेम.

एक गोष्ट मी त्याला शेवटी सांगितली आणि त्यावर तो थोडा चिडलाही. जुनं एनव्हिडियाचं कार्ड, २०१२च्या केप्लर पिढीपासून पुढचं, त्यात व्हिडिओ एन्कोड करणारा वेगळा भाग असतो. त्याचं एडिटिंग सॉफ्टवेअर त्याचा उपयोग करत असेल तर कुठल्याही ओव्हरक्लॉकिंगपेक्षा एक्स्पोर्ट जास्त लवकर होईल. त्या भागाचा दर्जा थोडा कमी वाटतो, विशेषतः नाचाच्या आणि फुलं उधळायच्या शॉटमध्ये, म्हणून तो वापरत नव्हता. "मग सर आधी का नाही सांगितलं?" आधी सांगितलं असतं तर त्याने मोजलं नसतं. आता त्याच्याकडे वही आहे, सेकंडहँड कार्ड मित्राकडून आणून एक लग्न दोन्ही प्रकारे काढून बघणार आहे. साखरपुड्याचे व्हिडिओ कार्डावर आणि लग्नाचा मुख्य व्हिडिओ प्रोसेसरवर, असंही जमेल.

एसएसडी, मेमरी, कूलर मिळून जो खर्च झाला तो अठ्ठावन्न हजारांच्या पाव भागातही आला नाही. पण एक धोका उरलाच आहे आणि तो मी लपवत नाही. हा प्रोसेसर सेकंडहँड बाजारात सहज मिळतो, असा बोर्ड मिळत नाही. बोर्ड गेला तर सगळंच गेलं, आणि तो जाणार असेल तर ऐन हंगामातच जाईल. म्हणून मी त्याला कोटेशन फाडू दिलं नाही. प्रत्येक लग्नामागे हजार रुपये बाजूला टाकतोय. फुटेजची दुसरी प्रत मामाच्या घरी, पहिल्या मजल्यावर. जुलै २०१८च्या पावसात वसईत कोणाकोणाच्या घरात पाणी शिरलं ते आम्ही दोघांनीही पाहिलंय. डबाही जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवलाय.

मशीन ४.० वर चालू आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी दोन वाजता, मी पुन्हा त्याच्याकडे जाणार आहे. प्राइम९५ लावू, तापमान लिहू, आणि ८० ओलांडलं तर गुणक ३८ वर आणू. वहीत त्यासाठी एक पान कोरं सोडलंय.